पाडण्याआधीचे लखनौ आणि लुटलेली झाशी

२१ मार्च १८५८ रोजी लखनौ शहर पूर्णपणे इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतर तेरा दिवसांनी, ३ एप्रिलला, सर ह्यू रोजच्या फौजा झाशीच्या तटावरून शहरात उतरल्या. एकाच युद्धात, एकाच पंधरवड्यात दोन संपन्न शहरांचा नाश सुरू झाला. पुढच्या काळासाठी मात्र त्यांची नोंद अगदी वेगवेगळ्या प्रकारे झाली. लखनौत काही आठवड्यांत फेलिचे बिआतो हा व्यावसायिक छायाचित्रकार आपला कॅमेरा आणि काचा घेऊन पोहोचला. झाशीत कॅमेरा नव्हता. तिथे होता आपल्या रायगड जिल्ह्यातल्या, पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या वरसईचा एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे.

लखनौची चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ मराठी वाचकाच्या घरात आहे. ही दोन साधने शेजारी ठेवून वाचण्याचा सराव आपल्याकडे फारसा नाही. छायाचित्राचे अभ्यासक गोडसे वाचत नाहीत आणि सत्तावन्नचे मराठी अभ्यासक छायाचित्राला मजकुरामधली सजावट समजतात. युद्धात पाडल्या जाणाऱ्या शहराची नोंद कशी होते, कोण करतो आणि ती वाचायची कशी, हे समजायचे तर दोन्ही एकत्र पाहावी लागतात. या लेखाचा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

कॅमेरा कोणाबरोबर आला

बिआतोचा जन्म १८३२ सालचा, व्हेनिसचा. इस्तंबूलमध्ये जेम्स रॉबर्टसनबरोबर त्याने काम केले आणि १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीची चित्रे घेतली. फेब्रुवारी १८५८ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. तिथून लखनौ, मग कानपूर, दिल्ली. युद्धाच्या मागोमाग जायचे, चित्रे काढायची आणि ती विकायची हा त्याचा धंदा होता. गिऱ्हाईक ठरलेले होते: लढाईत भाग घेतलेले अधिकारी, त्यांचे नातेवाईक आणि वर्तमानपत्रांतून ‘बंडा’च्या बातम्या वाचणारा इंग्लंडमधला सुशिक्षित वर्ग. पुढे लंडनमध्ये हेन्री हेरिंग या व्यावसायिकाने त्याच्या हिंदुस्थान आणि चीनमधल्या चित्रांची विक्री केली.

हे आधी सांगण्याचे कारण असे की कोणतेही छायाचित्र पाहताना पहिला प्रश्न कॅमेरा कुठे उभा आहे हा नसतो. तो तिथवर कोणाच्या परवानगीने आला हा असतो. बिआतो जिंकणाऱ्या सैन्याच्या पहाऱ्यात फिरत होता. जिथे इंग्रज लढले तिथेच त्याचा कॅमेरा थांबला. रेसिडेन्सी, सिकंदरबाग, दिलकुशा, कैसरबाग, छत्तर मंझिल, इमामबाडा हा त्याच्या चित्रांचा क्रम पाहिला तर तो लखनौचा नकाशा वाटत नाही, सर कॉलिन कॅम्बेलच्या मोहिमेचा नकाशा वाटतो. ज्या मोहल्ल्यात लढाई झाली नाही तो चित्रातही नाही.

तंत्राची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. त्या वेळी काचेवर निगेटिव्ह घेताना भिंग काही काळ उघडे ठेवावे लागे. इमारत स्थिर असते, ती स्वच्छ उमटते. चालणारा माणूस पुसट होतो किंवा उमटतच नाही. त्यात लखनौची बहुसंख्य रयत शहर सोडून पळालेली. त्यामुळे या चित्रांतले लखनौ रिकामे दिसते. हा रिकामेपणा काही अंशी युद्धाचा आहे आणि काही अंशी तंत्राचा. दोहोंतला फरक नुसते चित्र पाहून कळत नाही.

सिकंदरबाग: चित्र आणि चित्राखालची ओळ

बिआतोचे सर्वांत प्रसिद्ध चित्र सिकंदरबागेचे आहे. वाजिद अली शाहने आपल्या एका बेगमेसाठी बांधलेल्या बागेतली कोठी. खांबांची दर्शनी बाजू तोफांनी जखमी झालेली. समोर काही हिंदी माणसे आणि एक घोडा. त्यांच्या पुढे जमिनीवर माणसांच्या कवट्या आणि हाडे विखुरलेली. चित्राखालच्या इंग्रजी ओळीचा आशय असा की ९३ वी हायलँडर पलटण आणि ४ थी पंजाब पलटण यांनी दोन हजार बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचा हा आतला भाग.

‘नंतरचा’ या शब्दावर थांबायला हवे. सिकंदरबागेची लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ची. चित्र १८५८ च्या वसंतातले. मध्ये चार महिन्यांहून अधिक काळ गेला आहे. त्या वेळी लखनौत असलेला सनदी अधिकारी जॉर्ज कॅम्बेल (सेनापती कॉलिन कॅम्बेल वेगळा) याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की प्रेते आधीच झाकून टाकलेली होती, पण चित्र घेण्यासाठी छायाचित्रकाराने ती पुन्हा उघडी करायला लावली. म्हणजे हे दृश्य लढाईनंतर सापडलेले नाही, मांडलेले आहे. युद्धात मारलेली माणसे दाखवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत याची गणना होते, आणि त्यातच मांडामांड आहे.

मग हे चित्र खोटे म्हणून बाजूला टाकायचे का? तसे केले तर आपलेच नुकसान. हाडे मांडलेली आहेत, इमारत मांडलेली नाही. खांबांवरचे तोफगोळ्यांचे घाव, पडलेला गिलावा, कमानींची ठेवण हे सगळे त्या दिवशी जसे होते तसेच काचेवर उतरले आहे. सिकंदरबागेचा आज दरवाजा, लहानशी मशीद आणि भिंतींचे काही भाग उरले आहेत. बागेच्या जागेवर राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. मधली कोठी कशी होती हे पाहायचे तर बिआतोकडेच जावे लागते. विजयाचा देखावा विकायला घेतलेले चित्र इमारतीची साक्ष देऊन बसले. छायाचित्रकाराचा हेतू एक आणि काचेने टिपलेले दुसरे, ही तफावत संशोधकाच्या कामाची असते.

नेपियरची योजना

या चित्रांना वेगळेच वजन आले ते त्यांच्या पाठोपाठ घडलेल्या गोष्टीमुळे. शहर पडल्यानंतर काही दिवसांतच, मार्च १८५८ अखेर, बंगाल इंजिनियर्सचा कर्नल रॉबर्ट नेपियर याने लखनौच्या लष्करी बंदोबस्ताचे टिपण तयार केले. अरुंद गल्ल्या आणि दाट वस्ती यांमुळे फौजेची कोंडी झाली होती. पुन्हा तसे होऊ नये म्हणून शहरातून रुंद सरळ रस्ते कापायचे, मच्छीभवन हा पक्का किल्ला करायचा आणि त्याच्या भोवतीची वस्ती साफ करून तोफेच्या माऱ्याला मोकळे मैदान ठेवायचे, अशी ती योजना. ती अमलात आली. चौकाच्या दाट वस्तीतून व्हिक्टोरिया स्ट्रीट गेला. १७८४ मध्ये सुरू झालेला आसफउद्दौल्याचा मोठा इमामबाडा लष्कराच्या आवारात गेला आणि पुढे कित्येक वर्षे तिथे फौज राहिली. कैसरबागेचे भाग पाडून त्यातून रस्ते गेले.

म्हणजे बिआतो ज्या आठवड्यांत चित्रे घेत होता त्याच आठवड्यांत त्यातल्या अनेक इमारतींचे भवितव्य कागदावर लिहिले जात होते. लढाईने जखमी केलेले शहर आणि योजनेने पाडलेले शहर यांच्या मधल्या फटीत ही चित्रे घेतली गेली. त्याने उंचावरून घेतलेल्या, एकाला एक जोडून पाहायच्या दृश्यमालिकांमध्ये ही फट सर्वांत स्पष्ट दिसते. घुमट आणि मिनार यांच्यामध्ये घरांच्या गच्च्या खेटून आहेत. आजचा पर्यटक इमामबाड्याभोवती जी ऐसपैस मोकळी जागा पाहून खूश होतो, ती नवाबांची देणगी नव्हे. तिथे घरे होती.

एक अवशेष मात्र इंग्रजांनी मुद्दाम जपला. वेढ्यात मोडलेली रेसिडेन्सी दुरुस्तही केली नाही आणि पाडलीही नाही. ती पडक्या अवस्थेतच स्मारक झाली आणि तिच्यावरचा झेंडा १९४७ पर्यंत रात्रंदिवस फडकत राहिला. कोणती पडझड स्मृती म्हणून ठेवायची आणि कोणती अडगळ म्हणून उचलायची, हा निर्णय जिंकणाऱ्याच्या हाती असतो. चित्रांचे अल्बमही त्याच निर्णयाने लावले जातात.

दिल्लीत याहून वाईट झाले. लाल किल्ल्याच्या आतले बहुतेक राजवाडे, दालने, बागा काढून तिथे बराकी उभ्या राहिल्या. किल्ल्याच्या तटाभोवतीची वस्तीही साफ झाली. वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने १८७६ च्या आपल्या ग्रंथात यावर कडक टीका केली. पाडापाडीइतकाच त्याचा राग या गोष्टीवर होता की पाडणाऱ्यांनी आधी साधा नकाशाही काढून ठेवला नाही. राजसत्तेशी निष्ठावंत असलेल्या इंग्रजालाही हे सहन झाले नाही.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते ते पाहिले की या टीकेचा अर्थ कळतो. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते होत होते. त्या गल्ल्या पाडण्याआधी टिपून ठेवायला शहराच्या कारभाराने शार्ल मार्व्हिलला काम दिले. ग्लासगोत १८६८ ते १८७१ या काळात टॉमस ॲननने पाडायच्या वस्त्यांची चित्रे घेतली, तीही तिथल्या सुधारणा मंडळासाठी. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडू लागले तेव्हा इंग्लंडमध्ये १९४१ साली इमारतींच्या नोंदीसाठी खास संस्था उभी राहिली आणि धोक्यातल्या इमारतींचे फोटो घेण्याचे काम तिने हाती घेतले. आपली इमारत जाणार असेल तर आधी नोंद घ्यावी, एवढी समज तिथे होती. लखनौ-दिल्लीत ती समज कामी आली नाही, कारण शहर ‘आपले’ नव्हते. लखनौची नोंद झाली ती धंद्याच्या ओघात.

झाशीतले शब्द

आता झाशीकडे येऊ. विष्णुभट १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. कर्ज फिटावे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात चार पैसे मिळावेत, एवढाच हेतू. वाटेत युद्ध पेटले आणि ते झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यावर लुटीचे दिवस त्यांनी लपून काढले. शेवटी गंगेची कावड घेऊन ते वरसईला परतले.

त्यांच्या लिखाणात शहराचा नाश टप्प्याटप्प्याने येतो. आधी सोने-नाणे गेले, मग भांडीकुंडी, मग कापड, मग धान्य. लुटीलाही क्रम होता आणि तो क्रम भिक्षुकाच्या नजरेने बरोबर टिपला, कारण घरात काय काय असते हे त्याला ठाऊक होते. हलवाईपुरा पेटला. रस्त्यांवर प्रेते पेटली. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली, आणि वेदशास्त्र शिकलेल्या या माणसाची लेखणी इथे सर्वांत जास्त हळहळते.

यातले कॅमेऱ्याला काय टिपता आले असते? जळका हलवाईपुरा टिपता आला असता. ग्रंथालयाच्या रिकाम्या भिंती टिपता आल्या असत्या. पण त्या भिंतींच्या आत कोणत्या पोथ्या होत्या, त्यांची कीर्ती कुठवर होती, हे कोणत्याही काचेवर उमटले नसते. उलट बाजूही तितकीच खरी. झाशीच्या वाड्याच्या खांबांची नक्षी, खिडक्यांची मापे, शहराच्या गच्च्यांची ठेवण गोडसे भटजी सांगत नाहीत. त्यांच्या वाचकाला तसल्या वाड्यांची सवय होती, मग सांगायचे कशाला? लखनौच्या चित्रांत इमारत आहे आणि तिथे राहणारा माणूस नाही. झाशीच्या मजकुरात माणूस आहे आणि इमारत धूसर आहे.

शब्द अधिक प्रामाणिक असतात अशीही समजूत नको. गोडसे यांनी हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. पाहिलेले आणि ऐकलेले त्यात एकमेकांत मिसळले आहे. त्यापुढची गोष्ट तर छायाचित्राच्या अभ्यासकाने जरूर लक्षात ठेवावी. चिंतामणराव वैद्य यांनी हा मजकूर १९०७ मध्ये छापला तो भाषा बदलून, काही गाळून, काही घालून. इंग्रजी राज्य होते, काळजी घेणे भाग होते. मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक वैद्यांनी हात फिरवलेली प्रत वाचत होता. बिआतोने हाडे मांडली, वैद्यांनी वाक्ये मांडली. फरक असा की हस्तलिखित जपले गेल्यामुळे वैद्यांचा हात कुठे फिरला ते आज ताडून पाहता येते. मूळ साधन जपणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कॅमेरा आपल्याकडेही होता

कॅमेरा फक्त इंग्रजांकडे होता, झाशीची चित्रे निघणार कशी, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि तिच्यात डॉ. भाऊ दाजी होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिचंद चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून पुढे आले. खुद्द लखनौत युद्धाच्या आधीच अहमद अली खान चित्रे घेत होते. त्यांनी घेतलेल्या इंग्रज स्त्री-पुरुषांच्या चित्रांचा अल्बम आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

हात होते, यंत्र होते. १८५८ मध्ये पराभूत शहराच्या रस्त्यावर तिपाई रोवून उभे राहण्याची मुभा मात्र नव्हती. ती मिळाली तेव्हा काय झाले हे दारोगा अब्बास अली यांच्या १८७४ च्या ‘लखनौ अल्बम’मध्ये दिसते. पन्नास चित्रांचे हे पुस्तक लखनौच्याच माणसाने केले, पण केले ते सत्तावन्नच्या जागा पाहायला येणाऱ्या इंग्रज वाचकाला समोर ठेवून. चित्रे घेणारा बदलला, चित्रांखालची ओळ बदलली नाही. बाजार कोणाचा आहे यावर ती ठरत होती.

म्हणून अशा चित्रांचे वाचन करताना मी एक साधी पद्धत पाळतो. आधी चित्राखालची ओळ झाकायची आणि जे दिसते त्याची यादी करायची: भिंत, दार, सावलीची दिशा, माणसे किती, काय तुटलेले, काय शाबूत. मग ओळ उघडायची आणि तिने आपल्याला काय पाहायला लावले, कशावरून नजर हटवली ते तपासायचे. शेवटी त्याच काळातला त्या गावच्या माणसाचा मजकूर शेजारी ठेवायचा. सिकंदरबागेचे चित्र असे पाहिले की यादीत कोठी पहिली येते, हाडे नंतर येतात आणि ‘बंडखोर’ हा शब्द कुठेच येत नाही. तो फक्त खालच्या ओळीत आहे.

आपल्या दाराशी

हा विषय विचुंब्यात बसून लिहिताना दूरचा वाटत नाही. आमच्या परिसरात युद्ध नाही, पण पाडापाडी रोजची आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. आमचे गाव ‘नैना’च्या क्षेत्रात आहे. कौलारू घरे, ओट्या, पडव्या दर वर्षी कमी होत आहेत. विकास नको असे म्हणण्याचा हा प्रकार नाही. नोंद हवी एवढेच म्हणणे आहे.

फोटोंची तर आता ददात नाही. मोजणीचे फोटो आहेत, घरोघरच्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत. पण मोजणीच्या फोटोत घर म्हणजे दारावर रंगवलेला क्रमांक असतो आणि मोबाईलमधल्या फोटोत घर म्हणजे लग्नाच्या मागचा पडदा असतो. पन्नास वर्षांनी ते पाहणाऱ्याला घर कोणाचे, गावात कुठल्या आळीत, कोणी बांधले, कशासाठी पाडले, यातले काही कळणार नाही. बिआतोच्या चित्रांना निदान खालची ओळ तरी होती, मग ती जिंकणाऱ्याची का असेना. आपल्या फोटोंना तीही नाही.

काम अवघड नाही. पाडायच्या घराचा फोटो चारी बाजूंनी घ्यावा, आतला माजघराचा आणि चुलीचा घ्यावा. कागदावर तारीख, दिशा, घरमालकाचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव लिहावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून, ओटीवर काय चालायचे, पावसाळ्यात भात कुठे साठवायचे, बाळंतिणीची खोली कोणती, हे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक घरी ठेवावी आणि एक गावच्या वाचनालयात द्यावी. वाक्ये नीटनेटकी करण्याच्या भरीस पडू नये. ते काम कोणी पुढे केलेच, तर ताडून पाहायला मूळ प्रत असावी.